हिवाळ्यातली नोकरी

पाहुण्यांना दाखवतात ते सगळं सिएटल आईला दाखवून झालं होतं. पाइक प्लेस मार्केटात मासे एकमेकांकडे फेकणारे विक्रेते बघून "एवढा चांगला रावस फेकतात कशाला" म्हणून झालं होतं, पहिल्या स्टारबक्सबाहेरची रांग बघून "कॉफीसाठी?" असं विचारून झालं होतं, आणि स्पेस नीडलचं तिकीट रुपयांत किती होतं ते कळल्यावर हा मनोरा खालूनच जास्त चांगला दिसतो असा निर्णयही देऊन झाला होता. मग आम्ही दोघी त्याच्या पायथ्याशी, सिएटल सेंटरच्या आवारात नुसत्याच फिरत होतो. ऊन होतं, पण सावलीत गेलं की स्वेटर आठवावा असं. क्लायमेट प्लेज अरीनाच्या बाहेर एक ब्राँझचा पुतळा आहे, २०२५च्या ऑगस्टमध्ये बसवलेला. आई त्याच्यासमोर थांबली ती थांबलीच. पुतळा म्हटला की घोडा, तलवार, निदान पुढे केलेलं बोट, अशी आपली सवय. इथे पोनीटेल बांधलेली एक बाई चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावलेली.

"कोण गं ही?"

"सू बर्ड. बास्केटबॉल खेळायची. वीस वर्षं, इथल्याच टीमकडून."

आईनं बुटांपासून वरपर्यंत पुन्हा एकदा नजर फिरवली. "चांगलंय. आणि नोकरी कुठे होती हिला?"

"अगं, हीच नोकरी."

"बारा महिने?"

"नाही, उन्हाळ्यात असतो सीझन. मे ते सप्टेंबर."

"मग हिवाळ्यात काय करायची?"

"रशियात जायची खेळायला. तिकडे पैसे जास्त मिळायचे."

"म्हणजे नोकरी तिकडे होती," आई म्हणाली आणि बसायला बाक शोधू लागली.

तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. मला मात्र ते वाक्य गाडीत, रात्री भांडी लावताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्येही टोचत राहिलं. इतकी वर्षं मी या बाईचा खेळ बघितलाय, तिच्या नावाचा दहा नंबरचा हिरवा टी-शर्ट माझ्या कपाटात आहे, आणि रशिया हा तिच्या गोष्टीतला एक तळटीपेएवढा भाग आहे असंच माझ्या डोक्यात होतं. आईनं एका वाक्यात तळटीप उचलून मजकुरात आणून ठेवली.

आईचा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. मी लालबागला वाढले. शाळेच्या टीममध्ये गार्ड होते. उंची कमी, पाय चपळ आणि शूटिंग यथातथा, म्हणून गार्ड. आंतरशालेय सामने नागपाड्याला, मस्तान तलावाच्या बाजूच्या कोर्टवर. तिथला सिमेंटचा वास, घामानं गुळगुळीत झालेला चेंडू, कुंपणाला लटकून शेरेबाजी करणारी पोरं, आणि सामना हरल्यावर मिळणारं तेच ते पारले-जी, हे सगळं अजून नाकातोंडात आहे. आमच्या पुढच्या वर्गातली एक मुलगी खरोखर चांगली होती. तिला पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि चाळीत पेढे वाटले गेले. ती महाराष्ट्राकडून खेळली तेव्हा कुणी पेढे वाटले नव्हते. आपल्याकडे खेळणाऱ्या मुलीच्या आयुष्यातला निकाल हाच: स्पोर्ट्स कोट्यात लागली की नाही. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये महिलांच्या बास्केटबॉलमध्ये भारतीय रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं का आहे, याचं उत्तरही तेच. चांगल्या मुली नोकरीमागे जातात आणि मग जिथे नोकरी तिथे टीम. त्यामुळे कुठल्याही खेळाडूबद्दल आईचा पहिला प्रश्न नोकरीचाच असतो. अमेरिकेत आल्यावर तो बदलायचं तिला काही कारण नव्हतं.

आणि त्या प्रश्नामागे आजोबाही होते. आईचे वडील परळच्या गिरणीत, बाकी सगळं घर संगमेश्वराकडे गावात. आजोबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे. गावात पालखीला खांदा द्यायचा मान त्यांचा, आल्या दिवशी चार घरची माणसं ओटीवर भेटायला यायची. गिरणीत ते एक बिल्ला नंबर होते. पण आईच्या शाळेची फी त्या बिल्ल्यानं भरली. सू बर्डचं तेच, फक्त ऋतू उलटे. सिएटल तिचं गाव होतं: तिथे पालखी, तिथे गर्दी, तिथे शेवटी पुतळाही. मॉस्कोत गिरणी होती.

सू बर्ड मुळात सिएटलची नव्हेच. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सायोसेट गावात वाढलेली, क्वीन्समधल्या ख्राइस्ट द किंग शाळेतून खेळलेली, मग कनेटिकट विद्यापीठात प्रशिक्षक जिनो ऑरिएमा यांच्या हाताखाली तयार झालेली. पहिल्याच वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि जेमतेम आठ सामन्यांत तिचा सीझन संपला. शेवटच्या वर्षी, २००२ मध्ये, तिची टीम एकोणचाळीस सामने खेळली आणि एकही हरली नाही. त्याच वर्षी डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, जिथे टीम पाळीपाळीनं नव्या खेळाडू निवडतात, पहिल्या क्रमांकावर सिएटल स्टॉर्मनं तिला घेतलं. देशाच्या एका टोकाची मुलगी दुसऱ्या टोकाला आली, तिच्या पसंतीचा प्रश्नच नव्हता. इथे आलेल्या आपल्या बहुतेकांची गोष्ट अशीच असते: कंपनीनं रेडमंड म्हटलं, आलो रेडमंडला. पुढे कधीतरी पाऊस आपला वाटायला लागतो. तिला तो कधी वाटायला लागला कुणास ठाऊक, पण २००२ ते २०२२ ती दुसऱ्या कुठल्याही टीमकडे गेली नाही. मधली दोन वर्षं, २०१३ आणि २०१९, गुडघ्यानं खाल्ली. चार विजेतेपदं: २००४, २०१०, २०१८, २०२०. या अवधीत शहराची पुरुषांची टीम, सॉनिक्स, २००८ साली गाशा गुंडाळून ओक्लाहोमा सिटीला निघून गेली. स्टॉर्मही त्याच मालकाची होती, तीही गेली असती. सिएटलमधल्या काही बायकांनी पुढे होऊन एक कोटी डॉलरला ती विकत घेतली, म्हणून राहिली. सॉनिक्सचं नाव काढलं की इथल्या जुन्या माणसांचा चेहरा अजून पडतो. बर्डवर या शहराचं जे प्रेम आहे त्यात थोडा भाग या जखमेचाही आहे असं मला नेहमी वाटत आलंय. निघून गेलेल्यांच्या गावात ही राहिली.

राहिली खरी, पण वर्षातले पाच महिने.

२००४ च्या उन्हाळ्यात तिनं अथेन्सला ऑलिंपिकचं सोनं घेतलं, काही आठवड्यांतच स्टॉर्मला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्यानंतरचा हिवाळा मॉस्कोत डायनामोच्या टीममध्ये. मग स्पार्टाक, मॉस्कोबाहेरच्या विद्नोये नावाच्या गावात. मग उरल पर्वतापाशी येकातेरिनबर्ग. असे साधारण दहा हिवाळे. त्यात युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, पाच विजेतेपदं, ज्यांची सिएटलच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींपलीकडे दखल घेतलेली मला आठवत नाही. पाच! सिएटलमध्ये चार मिळाली त्यांचे झेंडे अरीनाच्या छताला टांगलेत. अमेरिकेतल्या लीगचा सगळ्यात मोठा पगारसुद्धा २०१९ पर्यंत वर्षाला १,१७,५०० डॉलरच्या आसपास होता. रशियात बड्या खेळाडूंना त्याच्या कित्येक पट मिळायचं. तिची जिवलग मैत्रीण आणि मैदानावरची वैरीण डायना तोरासी हिला तर येकातेरिनबर्गच्या क्लबनं २०१५ साली अमेरिकेतला सीझन खेळूच नये, विश्रांती घ्यावी, म्हणून पैसे दिले. तिनं ते घेतले. तेव्हा इथे काही लोक नाराज झाले होते. मला तेव्हाही कळलं नाही, नाराज नक्की कुणावर.

त्या हिवाळ्यांमधली एक गोष्ट मला फार जवळची वाटते, आणि ती खेळाची नाही, पासपोर्टची आहे. रशियन लीगमध्ये एका टीमनं किती परदेशी खेळाडू उतरवायच्या यावर मर्यादा असे. युरोपातल्या क्लबांच्या हिशोबात इस्रायली पासपोर्ट युरोपियन धरला जाई. बर्डचे वडील रशियन ज्यू वंशाचे. म्हणून २००६ मध्ये तिनं इस्रायलचं नागरिकत्व घेतलं. तोरासीकडे याच कारणानं इटलीचा पासपोर्ट. आजोबा-पणजोबा ज्या भागातून कधीकाळी निघून आले असतील तिकडेच ही पणती तिसऱ्याच देशाचा पासपोर्ट घेऊन, पोट भरायला परत. आमच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही हे वाचताना हसू येईल, आणि लगेच जाईलही. माणसाचा देश कुठला ते कागद ठरवतो, आणि कागद कुठला लागतो ते काम ठरवतं, हे आम्ही एच-वन-बीच्या पहिल्याच वर्षी शिकतो. फरक इतकाच की तिला ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा झेंडा धरायचा होता, आणि टोकियोत तिनं तो खरोखर धरला. पाच ऑलिंपिक, पाच सोनं.

स्पार्टाकचा मालक होता शाब्ताई काल्मानोविच. त्याची माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं कुणीतरी रचून लिहिलंय. लिथुआनियात जन्मलेला, इस्रायलमध्ये स्थायिक झालेला, तिथे सोव्हिएत हेर म्हणून पकडला जाऊन तुरुंगात गेलेला, सुटल्यावर रशियात येऊन धनाढ्य झालेला, आणि महिलांच्या बास्केटबॉलवर अक्षरशः जीव ओवाळून टाकणारा. अमेरिकन मुलींना त्यानं मोठ्या घरात ठेवलं, दागदागिने दिले, हवं नको ते पाहिलं. ज्या मायदेशी त्यांना साध्या विमानात, साध्या रांगेत, गुडघे दुमडून प्रवास करावा लागे, त्या मायदेशापेक्षा एका माजी हेराच्या घरी त्यांची बडदास्त जास्त. २००९ च्या नोव्हेंबरात मॉस्कोत त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो मेला. टीम पुढे त्याची पत्नी, स्वतः जुनी खेळाडू असलेली, सांभाळत राहिली. त्या वर्षीही त्यांनी युरोलीग जिंकली. मी विचार करते, त्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना त्या मुलींच्या मनात काय असेल? तो पैसा कसला, हा प्रश्न आधी कधी पडला असेल का? पडला तरी कुणाला विचारणार? आजोबा ज्या गिरणीत होते तिच्या मालकाबद्दल घरात कधी चर्चा झाल्याचं आईला आठवत नाही. पगार सात तारखेला व्हायचा.

गिरणीत बोटं जायची. इथेही गेलीच. ब्रिआना स्टुअर्ट, बर्डची सिएटलमधली सगळ्यात मोठी साथीदार, २०१९ च्या एप्रिलमध्ये हंगेरीत युरोलीगचा अंतिम सामना खेळताना पडली आणि तिची टाचेमागची शीर तुटली. ती तेव्हा रशियातल्या कुर्स्कच्या टीमकडून खेळत होती. सिएटलचा त्या वर्षीचा सीझन तिच्याविना गेला. आणि मग २०२२. फिनिक्सच्या टीमची ब्रिटनी ग्राइनर येकातेरिनबर्गला कामावर परत निघाली होती, मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या, आणि ती डिसेंबरपर्यंत तुरुंगात होती. शेवटी एका शस्त्रविक्याच्या बदल्यात सुटली. त्या उन्हाळ्यात लीगमधल्या प्रत्येक कोर्टवर तिची आद्याक्षरं आणि तिचा ४२ नंबर रंगवलेला होता. बर्डचा तो शेवटचा सीझन. सगळे तिला निरोप द्यायला येत होते, फुलं, भाषणं, आणि पायाखाली लाकडावर ती दोन अक्षरं. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, "पण ती रशियात गेलीच कशाला होती?" वर्षाला पाच-सहा लाख डॉलर मिळवणारा भला माणूस. मी त्याला सांगितलं, कामावर.

आता एवढं सगळं लिहिल्यावर तिचा खेळ राहूनच गेला, आणि मी तर त्याच्यासाठीच जात होते. बर्डचा खेळ पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही, याची मी खात्री देते. उंची पाच फूट नऊ इंच, त्या कोर्टवर बुटकीच. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. ती चेंडू टप्पे देत शांतपणे पुढे आणते, बोटांनी काहीतरी खूण करते, एखादी उंच साथीदार येऊन तिच्या पहारेकरणीच्या वाटेत उभी राहते, दोघी बचाव करणाऱ्या तिच्यावर झेपावतात, आणि चेंडू कुठेतरी निघून गेलेला असतो. कुठे? जिथे त्या क्षणी कुणीच नसतं. मग लॉरेन जॅक्सन तिथे पोहोचते, पुढच्या काळात स्टुअर्ट पोहोचते, आणि जाळीचा तो कोरडा सपकारा ऐकू येतो. टाळ्या नेम साधणाऱ्या बाईला. बर्ड तोवर पाठ फिरवून बचावाला निघालेली. शाळेत आमचे सर ओरडायचे, "पास दिलास की बघत उभी राहू नकोस!" मी राहायचे. सगळेच राहतात, आपल्या पासचं काय झालं ते बघायला. ती राहत नसे. लीगमध्ये ३,२३४ असिस्ट तिच्या नावावर आहेत. ती निवृत्त झाली तेव्हा दुसरं कुणी जवळपास नव्हतं. म्हणजे इतक्या वेळा तिनं दिलेल्या चेंडूवर दुसरीनं गुण केले. पुतळा मात्र लेअपचा आहे. एकटी, चेंडू स्वतःच बास्केटात टाकायला निघालेली. पासचा पुतळा कसा करणार, त्याला दुसरी बाई लागेल, हे मला समजतं. तरी त्या ब्राँझसमोर उभं राहिलं की वाटतं, बाई गं, हे तुझं काम नव्हे.

पण तसं म्हणावं तर २०१८ चा तो सप्टेंबर आडवा येतो. उपांत्य फेरीचा पाचवा सामना, समोर फिनिक्स, म्हणजे तोरासी आणि ग्राइनर. हरणारा घरी. आदल्या सामन्यात बर्डचं नाक मोडलं होतं, नेहमीप्रमाणे म्हणायला हवं, कारण ते नाक आधीही अनेकदा मोडलेलं. ती पारदर्शक मुखवटा लावून उतरली. मी वरच्या रांगेत होते, पॉपकॉर्नचा वास, पुढच्या रांगेत हिरव्या रंगानं चेहरे माखलेल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांच्याइतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कुणाला ओरडताना ऐकलेलं नाही. तिनं वैतागून मुखवटा चाचपावा, घाम पुसावा, पुन्हा लावावा, असं चाललेलं. तोपर्यंत तिचे आठच गुण. आणि मग शेवटच्या सहा मिनिटांत या सदतीस वर्षांच्या बाईनं, जिला लोक "पास देणारी" म्हणून ओळखतात, एकामागून एक चौदा गुण टाकले. लांबून, पहारेकरीण अंगावर असताना, घाई न करता. तोरासी याआधी असा जिंकू किंवा मरू सामना एकदाही हरली नव्हती. सिएटल ९४, फिनिक्स ८४. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागे वळून मला मिठी मारून रडली. तिचा हिरवा रंग माझ्या पांढऱ्या स्वेटरला लागला तो अजून गेलेला नाही. मी तो स्वेटर टाकलेलाही नाही.

आईला बाकावर हे सगळं सांगत होते. मधेच तिनं विचारलंच, "लग्न?" मी सांगितलं, साखरपुडा झाला होता २०२० मध्ये, मेगन रपिनो म्हणून फुटबॉलपटू, तीही बाईच. आई जरा गप्प. मग म्हणाली, "दोघी खेळाडू. मग घरी स्वयंपाक कोण करतं?" मला ते माहीत नव्हतं.

२०२० चा उन्हाळाही सांगायला हवा, कारण तिथे मला तिचं पास देणं कोर्टाबाहेर दिसलं. करोनामुळे सगळी लीग फ्लोरिडात ब्रेडंटनला एका आवारात बंद. अटलांटाच्या टीमच्या सहमालकीण केली लेफ्लर सिनेटर होत्या, जॉर्जियातून निवडणूक लढवत होत्या, आणि लीगनं 'ब्लॅक लाइव्हज मॅटर'ला दिलेल्या पाठिंब्याला त्यांनी जाहीर विरोध केला. खेळाडूंनी त्यांच्यावर ओरडावं, पत्रकं काढावीत, हे साहजिक होतं. त्यानं लेफ्लरबाईंनाच प्रसिद्धी मिळाली असती. बर्डनं सुचवलं, त्यांचं नावच घेऊ नका, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या राफाएल वॉरनॉक या पाद्र्याला मत द्या असं छापलेले टी-शर्ट घाला. सगळ्यांनी घातले. ज्या माणसाकडे तोवर फार कुणाचं लक्ष नव्हतं त्याच्याकडे चेंडू गेला. जानेवारीत तो निवडून आला. इतर कारणं अनेक होती, मला माहीत आहे. पण त्या टी-शर्टांच्या फोटोत बर्ड नेहमीसारखी एका कडेला आहे, आणि मला तो पास स्पष्ट दिसतो. त्याच आवारात तिनं चौथं विजेतेपद मिळवलं, अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात सोळा असिस्ट देऊन. त्या दिवशी प्रेक्षक शून्य, ओरडायला म्हाताऱ्या नाहीत. टीव्हीवर नुसता बुटांचा करकर आवाज.

२०२१ संपताना ती थांबणार असं वाटत होतं. शेवटच्या सामन्यानंतर लोकांनी "अजून एक वर्ष" असा गजर लावला आणि ती राहिली. कितीवर राहिली? ७२,१४१ डॉलर. अनुभवी खेळाडूला देता येतो तो किमान पगार, म्हणजे वाचलेल्या पैशात टीमला दुसऱ्या चांगल्या मुली घेता याव्यात. तोवर लीगचा कमाल पगार दोन लाखांच्या पुढे गेला होता, २०२० च्या करारामुळे, ज्याच्यासाठी तिच्या पिढीनं भांडण केलं होतं. आमच्या कंपनीत कॉलेजातून नुकतं आलेलं पोरगं याच्या कितीतरी वर सुरुवात करतं आणि टेबल टेनिसचं टेबल जुनं आहे म्हणून तक्रार करतं. एक्केचाळीस वर्षांची, चार विजेतेपदांची, पाच सुवर्णपदकांची बाई त्या शहरात ७२ हजारांवर खेळली, आणि आम्ही अठरा हजार लोक तिच्या शेवटच्या घरच्या साखळी सामन्याला जमलो, शंभर-शंभर डॉलरचे टी-शर्ट घेतले. यात उदात्त काय आणि लाजिरवाणं काय, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही. टीमसाठी पगार सोडणं हे कौतुकानं सांगितलं जातं. तिनं तो मनापासून सोडला असेलही. पण तो तिला परवडला तो त्या दहा हिवाळ्यांमुळे, आणि जाहिरातींमुळे. ज्या मुलीचे हिवाळे नाहीत तिनं काय सोडावं?

शेवट जिंकून झाला नाही. लास व्हेगासविरुद्ध उपांत्य फेरीचा तिसरा सामना, फक्त १.८ सेकंद उरलेले, आणि कोपऱ्यातून बर्डचा थ्री-पॉइंटर आत. स्टॉर्म दोननं पुढे. अरीनाचं छप्पर हललं असतं, आणि ते छप्पर १९६२ च्या जागतिक प्रदर्शनापासूनचं आहे, खालची इमारत नवी केली तरी ते तसंच ठेवलंय. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होतो आणि तेवढ्या १.८ सेकंदांत समोरच्या टीमच्या जॅकी यंगनं चेंडू घेतला, वळली, बरोबरी केली. जादा वेळेत स्टॉर्म हरली. दोन दिवसांनी, ६ सप्टेंबरला, चौथाही सामना गेला आणि कारकीर्द संपली. लोक उठेनात. "थँक यू, सू" चा गजर चालूच. ती कोर्टवर उभी राहून रडत होती आणि तोरासीपासून सगळ्यांना जिंकून-हरून बघितलेला तो चेहरा पहिल्यांदा नक्की कुठे बघावं हे न कळल्यासारखा इकडेतिकडे वळत होता.

त्यानंतरचं मला आईला सांगायचं राहिलं, कारण ती बाकावर डुलक्या काढायला लागली होती. ज्या लीगमध्ये बर्डनं विमानतळावरच्या रांगांत आणि मधल्या सीटवर वीस वर्षं काढली, त्या लीगला २०२४ पासून स्वतंत्र विमानं मिळाली. स्टुअर्टनं, जिची शीर हंगेरीत तुटली होती, नफीसा कॉलियरबरोबर मायामीत थंडीतली नवी लीग काढली. २०२५ च्या जानेवारीत ती सुरू झाली, तिथे खेळाडूंना मालकीत वाटाही आहे. म्हणजे आता गिरणी गावाजवळ आली म्हणायची. टीव्ही कंपन्यांशी अब्जांचे करार झाले. एक कोटीला घेतलेल्या स्टॉर्मची किंमत २०२३ मध्ये पंधरा कोटींच्या वर धरली गेली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये इंडियानापोलिसला ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या खेळाडू काळे टी-शर्ट घालून आल्या: आमचं देणं आम्हाला द्या. प्रेक्षकांनीही तोच गजर उचलला. टीव्हीवर बघताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो पूर्ण यायच्या आत दुसरंच आठवलं. २०२४ च्या एप्रिलपासून सू बर्ड स्टॉर्मच्या मालकांपैकी एक आहे.

यात वाईट काही नाही. उलट कुणीतरी म्हणेल, तिच्याइतका त्यावर हक्क कुणाचा? रशियातल्या बर्फात मिळवलेलं शेवटी तिनं गावातच जमीन घेण्यात घातलं असं समजा. तरी टी-शर्ट घातलेल्या मुली ज्यांच्याकडे बोट दाखवत होत्या त्या खोलीत आता तिचीही खुर्ची आहे, एवढं खरं. ती त्या खोलीत काय बोलते ते बाहेर येत नाही, येणारही नाही. मी तिला नाक मोडलेलं असताना, गुडघा सुजलेला असताना, १.८ सेकंद उरलेले असताना बघितलंय, आणि दर वेळी चेंडू कुणाकडे जायला हवा ते तिला आधी दिसायचं. पैशाच्या बाबतीत ते दिसतं का, ते बघायला मी या वर्षीही सीझन तिकिटं घेतली आहेत. महाग झालीत मेली.